माहलरची दहावी सिंफनी: अडाजिओनंतर थांबावं की पुढे ऐकावं?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी.

विश्रामबागला आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी एका मित्राच्या घरी जमतो आणि एक मोठी रचना सलग ऐकतो. मोबाइल बंद, मध्ये बोलायचं नाही, चहा शेवटी. बहुतेकांचे कान ख्यालावर वाढलेले. पाश्चात्त्य संगीताकडे आम्ही चाळिशी उलटल्यावर वळलो. गेल्या रविवारी ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव माहलरची दहावी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, लावली आणि चहाच्या वेळी असा वाद झाला की दोघं जण चहा न घेताच निघून गेले.

चूक माझी होती, ती आधी सांगतो. दर वेळी मी एक पानभर टिपण काढून सगळ्यांना देतो. या वेळी त्यावर लिहिलं होतं, 'माहलर, सिंफनी क्र. १०, पाच भाग, सव्वा तास.' बस्स. २०१९च्या पुरात आमच्या तळमजल्यावर गाळ शिरला होता. सीडी मी साबणाच्या पाण्यानं धुतल्या, त्यातल्या बऱ्याचशा अजून वाजतात. आतल्या पुस्तिकांचा मात्र लगदा झाला. त्यामुळे टिपण आठवणीतून लिहिलं आणि त्यात डेरिक कुक या इंग्रज संगीत-अभ्यासकाचं नावच आलं नाही. शेवटचा सूर विरल्यावर मी सहज म्हणालो, की ही माहलरनं अर्धवट ठेवलेली होती, कुकनं वाजवण्याजोगी केली. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका ताडकन उठले. म्हणाले, "सव्वा तास मी माहलर ऐकतोय असं समजून बसलो होतो. तुम्ही मला कुणाचं ऐकवलंत?"

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९१०च्या उन्हाळ्यात टोब्लाखजवळच्या खेड्यात माहलरनं ही सिंफनी लिहायला घेतली. त्याच उन्हाळ्यात पत्नी अल्माचं दुसऱ्याशी प्रेम असल्याचं त्याला कळलं. हस्तलिखितावर जागोजागी त्याचे उद्गार आहेत, शेवटच्या सुरांपाशी तर तिचं लाडाचं नाव लिहिलंय. १८ मे १९११ला तो गेला, वय ५०. मागे पहिला भाग, म्हणजे अडाजिओ, जवळजवळ पूर्ण वाद्यमेळासह राहिला. बाकीचे भाग बहुतांशी चार ओळींच्या आराखड्यात राहिले. पण एक गोष्ट फार महत्त्वाची. पाचही भागांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत धागा कुठेच तुटलेला नाही. मुख्य स्वरओळ सगळीकडे माहलरचीच आहे. कुठे सोबतीचे सूर विरळ आहेत, कुठे कोणतं वाद्य ते लिहिलेलं नाही.

माझं स्वतःचं मत: पूर्ण ऐकावी. अडाजिओत एका जागी नऊ वेगवेगळे सूर एकदम आदळतात आणि त्यातून तुतारीचा, म्हणजे ट्रंपेटचा, एकच उंच सूर चिरत बाहेर येतो, सुटतच नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तोच आघात पाचव्या भागात पुन्हा येतो आणि त्यानंतर सिंफनीची अगदी पहिली सुरावट परत येते. अडाजिओवर थांबलं तर हे परतणं कधी कळणारच नाही.

आणि तो ढोल. चौथा भाग संपता संपता एक दबका ठोका पडतो. त्यावर कापड टाकलेलं असतं, म्हणून गुंज नाही, नुसता धप्प. मग शांतता, आणि पुन्हा ठोका. अल्मानं लिहून ठेवलंय की न्यूयॉर्कमध्ये एका अग्निशमन अधिकाऱ्याची अंत्ययात्रा त्यांच्या हॉटेलच्या खिडकीखाली थांबली होती. थोडं भाषण झालं आणि मग असाच एक ठोका पडला. तिनं पाहिलं तर माहलरचा चेहरा आसवांनी भिजलेला. आमच्यातल्या एका वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटूनच हळूच विचारलं, "दारावरून कुणाला नेतायत काय हो?"

तर प्रश्न असा. हे ऐकवावं का, आणि ऐकवायचं तर कुणाचं म्हणून?

यवतेश्वर (सातारा)

मी तुमच्या काकांच्या बाजूनं लिहितो. त्यांचा राग मला पटला.

माहलरच्या बाबतीत 'स्वरओळ त्याची, वाद्यं दुसऱ्याची' ही वाटणी मुळात चालत नाही. पाचवी सिंफनी १९०४मध्ये वाजली, पण तिच्या वाद्यमेळात तो शेवटच्या वर्षांपर्यंत फेरफार करत होता. इथे ढोल कमी कर, तिथे शिंग काढ. स्वतः उभं राहून ऐकायचा आणि खोडायचा. दहाव्या सिंफनीचं हे ऐकणं-खोडणं झालंच नाही. त्याच्या हातून ती पुढे गेली असती तर कदाचित एखादा अख्खा भाग त्यानं फाडून टाकला असता. म्हणजे कुकनं जे पूर्ण केलं तो माहलरचा शेवटचा शब्द नाही, पहिला विचार आहे.

अमेरिकन वाद्यवृंद-संचालक लेनर्ड बर्नस्टाइननं माहलर घराघरांत पोचवला. त्यानंही दहाव्यातला अडाजिओच तेवढा वाजवला, पुढचे भाग हातात घेतले नाहीत. ज्यानं आयुष्य माहलरला दिलं त्याला असं का वाटलं असेल, याचा विचार व्हायला हवा.

आणि आपल्याकडे बघा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'रामराज्यवियोग' तीन अंकांनंतर थांबलं, १८८५ला अण्णासाहेब गेले. गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं. ते आपण अपुरंच वाचतो. जिथे ओळ तुटते तिथे पान मिटून बसतो. ते तुटणं हाही त्या माणसाच्या आयुष्याचा भाग आहे. त्यावर डांबर घालून रस्ता सपाट करू नये.

हळदवेल (सांगली)

वाचतेय. काका चहा न घेता गेले म्हणजे प्रकरण गंभीर आहे. पुढच्या रविवारी त्यांना बोलवायला स्वतः जा, फोन करू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

@हळदवेल, परवाच जाऊन आलो ताई. टिपणात नाव राहिलं याबद्दल माफी मागितली. काका बोलले, पण अजून मनापासून नाही.

@यवतेश्वर सर, खोडण्याचा मुद्दा मान्य. पण मग नवव्या सिंफनीचं काय? तीही माहलरनं कधी ऐकली नाही. तो गेल्यावर १९१२च्या जूनमध्ये ब्रूनो वॉल्टरनं ती व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवली. तिच्यावरही त्याचा शेवटचा हात फिरला नाही. तिला कुणी अपुरी म्हणत नाही.

तंबोरेवाली (मिरज)

मला सिंफनीतलं काही कळत नाही. सतारमेकर गल्लीत माझं सासर आहे, तेवढ्यावरून लिहिते.

मामंजी गेले तेव्हा एक तंबोरा अर्धा होता. पंढरपूरकडनं आलेला भोपळा त्यांनी स्वतः निवडून वर्षभर वाळवला होता. असा भोपळा ते हातात घेऊन बोटानं वाजवून बघायचे, कानाला लावायचे. दांडी बसली होती, गळा जुळला होता. तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, चिकटवायची राहिली होती, तारांखालची घोडी, खुंट्या, जवारी सगळंच राहिलं होतं. ज्या गायिकाबाईंनी तो सांगितला होता त्या भेटायला आल्या. ह्यांनी त्यांना स्पष्टच सांगितलं, "ताई, हा पुरा मी करणार. तुम्हाला वडिलांच्याच हातचा पाहिजे असेल तर त्यांचा जुना एक घरात आहे, तो घ्या." बाई म्हणाल्या, हाच पाहिजे.

जवारी काढायला, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासून जुळवायला, ह्यांना चार दिवस लागले. एरवी दीड दिवसात होते. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार लावून ऐकायचं, दोरा सरकवायचा, पुन्हा काढायचं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "दादांची जवारी मला येणार नाही. मी माझी काढतो." चौथ्या दिवशी लागली. मामंजींचा तंबोरा गोल, भरून येणारा बोलायचा. हा जरा उजळ बोलतो. जवारी ज्याची त्याचीच असते, तिची नक्कल होत नाही.

तबली चिकटवायच्या आधी आतल्या बाजूला ह्यांनी पेन्सिलीनं दोन नावं लिहिली होती. वर मामंजींचं, खाली स्वतःचं. बाहेरनं कुणाला दिसत नाहीत. पण उद्या कुणी दुरुस्तीला उघडला तर त्याला कळेल.

तुमच्या त्या कुक साहेबांनी नावं कुठं लिहिलीत, ते सांगा. त्यावरून मी सांगते ऐकायचं का नाही.

कृष्णावेणी_लीड्स (मूळ सांगली)

तंबोरेवाली ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावर आहे. इथल्या ग्रंथालयातून कुकच्या स्वरलिपीची छापील प्रत मी आणली होती, तिची काही पानं टिपून ठेवली होती.

प्रत्येक पानाचे दोन भाग आहेत. वर मोठा वाद्यमेळ, बासरीपासून डबलबासपर्यंत, वाजवणाऱ्यांसाठी. पानाच्या तळाशी वेगळ्या ओळींत माहलरचा मूळ आराखडा, जसा त्यानं ठेवला तसा. म्हणजे कुठलाही सूर घ्या, बोट खाली आणा, तो माहलरनं लिहिला होता की कुकनं भरला ते लगेच दिसतं. काही पानांवर खालच्या ओळी गच्च भरलेल्या आहेत. काही ठिकाणी, विशेषतः दुसऱ्या आणि चौथ्या भागात, वर वीस वाद्यं आणि खाली एकच एकटी स्वरओळ. अशा जागी कुकनं किती घातलं ते तो लपवत नाही. शीर्षकातही 'पूर्ण केलेली सिंफनी' असं नाही. माहलरच्या आराखड्याची वाजवण्याजोगी प्रत, अशा अर्थाचे शब्द आहेत.

इंग्रज संगीतकार एल्गरचंही सांगतो. बीबीसीनं १९३२मध्ये त्याच्याकडे तिसरी सिंफनी मागितली. १९३४च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा १३०हून जास्त पानांची टिपणं होती, पण क्रम लागत नव्हता, मोठमोठी भगदाडं होती. मरताना तो मित्राला म्हणाला होता की याला कुणी हात लावू नये. साठ वर्षं कुटुंबानं ते पाळलं. पण त्या मित्रानंच आपल्या पुस्तकात बरीचशी टिपणं छापली होती. त्यांचा हक्क संपल्यावर कुणीही काहीही केलं असतं. म्हणून शेवटी कुटुंबानं अँथनी पेन या संगीतकाराला परवानगी दिली. १५ फेब्रुवारी १९९८ला लंडनला अँड्र्यू डेव्हिसनं ती वाजवली. तिच्या नावातच लिहिलंय, 'एल्गरची टिपणं, विस्तार अँथनी पेन'. ऐकताना मला ती आवडली. पण एल्गरनं 'नको' म्हटलं होतं हे माझ्या मनातून जात नाही. माहलरबद्दल तसं खात्रीनं म्हणता येत नाही.

यवतेश्वर (सातारा)

तंबोरेवाली ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यांच्या यजमानांनी गायिकाबाईंना आधी विचारलं, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. आपण ऐकणाऱ्यांना विचारत नाही.

पानाच्या तळाशी आराखडा छापलाय हे मला ठाऊक नव्हतं. पण ती सोय प्रत वाचणाऱ्याला. खुर्चीवर बसून ऐकणाऱ्याला पानाचा तळ ऐकू येत नाही.

ध्वनिमुद्रक_गावभाग (सांगली)

सर, हा मुद्दा माझ्या धंद्यातला आहे म्हणून लिहितो. गेली बावीस वर्षं मी भावगीतं, भजनं, नाटकाची पदं, पोवाडे सगळं ध्वनिमुद्रित करतो.

पहिली गोष्ट, ही सिंफनी आज आपल्यापर्यंत आली ती एका ध्वनिफितीमुळे. १९६०ला माहलरच्या जन्मशताब्दीसाठी बीबीसीनं कुककडून कार्यक्रम करून घेतला. १९ डिसेंबरला तो प्रसारित झाला, बर्टोल्ड गोल्डश्मिट वाद्यवृंदासमोर होते. तेव्हा मध्ये मध्ये जागा मोकळ्या होत्या, कुकनं बोलून समजावलं होतं. अल्मानं न ऐकताच पुढच्या प्रयोगांना बंदी घातली. १९६३मध्ये न्यूयॉर्कला ती फीत तिला ऐकवली तेव्हा ती ८३ वर्षांची होती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, पुन्हा लावा. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिनं बंदी उठवली, कुकला तसं पत्र पाठवलं. १३ ऑगस्ट १९६४ला लंडनला पूर्ण सिंफनी वाजली. त्याच वर्षी डिसेंबरात अल्मा गेली. नवऱ्याचं ते दुःख तिच्यामुळेच कागदावर उतरलं होतं. म्हाताऱ्या वयात एका खोलीत बसून ते सगळं तिनं लागोपाठ दोनदा ऐकलं. हे मला फार लागतं.

दुसरी गोष्ट. १९६५ला युजीन ऑर्मंडीनं फिलाडेल्फियात पहिली रेकॉर्ड काढली. कुक तिथे थांबला नाही. त्यानं प्रत पुन्हा तपासली, सुधारली, ती १९७२ला वाजली आणि १९७६ला छापली. त्याच वर्षी तो गेला. ऑर्मंडीच्या रेकॉर्डमध्ये कुकचा आधीचा टप्पा आहे. नंतर कुणी ती आधीची प्रत फारशी हातात घेत नाही. कुकनं जे मागाहून बदललं ते आधी कसं होतं हे ऐकायचं तर ही रेकॉर्ड लावावी लागते. यवतेश्वर सर, 'ऐकून खोडणं' म्हणालात ना, ते माहलरला मिळालं नाही. कुकनं मात्र स्वतःच्या कामावर ते केलं.

तिसरी, ढोल. दोन रेकॉर्ड शेजारी शेजारी लावल्या. एकीत तो ठोका भरदार, पोटात घुमणारा, मोठ्या ढोलाचा. दुसरीत कोरडा, जणू बंद दारावर मूठ मारली. चौथ्या भागाच्या शेवटी एक ठोका आहे आणि पाचव्याच्या सुरुवातीला एक. सायमन रॅटल हा वाद्यवृंद-संचालक दोन्हींचा एकच करतो. मी ढोलकी, हलगी, संबळ सगळं टिपलंय, मायक्रोफोन हातभर मागे घेतला तर मरणाचा ठोका लग्नाचा होतो. कापड किती जाड, काठी कसली, खोलीत किती गुंज, एवढ्यावर त्या जागेचा अर्थ ठरतो. माहलरनं काय ते स्पष्ट सांगितलंय, की ढोल पूर्ण झाकलेला. तरी प्रत्येकाचा वेगळा निघतो. मग पूर्ण लिहिलेली सिंफनी तरी कुठे एकट्याची असते?

मेणवली (वाई)

संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून एक आठवण देतो. आपण ज्या वाङ्मयप्रकाराला कादंबरी म्हणतो तो शब्दच बाणभट्टाच्या ग्रंथावरून आला, आणि तो ग्रंथ बाणानं पुरा केलेला नाही. बाण मध्येच गेला, उत्तरभाग त्याच्या मुलानं लिहिला. आरंभी तो म्हणतो, वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबरच ही कथाही पृथ्वीवर तुटली. ती अपुरी राहिल्याचं सज्जनांचं दुःख पाहून मी ती हाती घेतली, कवित्वाच्या गर्वानं नव्हे.

वर्गात हा श्लोक आला की मी थांबत असे. मुलाची भाषा बापाइतकी झळाळत नाही, हे प्रत्येक पिढीतल्या विद्यार्थ्याला दिसायचं. पण त्याच्याशिवाय कथेतली नायिका कादंबरी आणि नायक चंद्रापीड यांचं मीलनच होत नाही. नाथांचं भावार्थ रामायणही युद्धकांडात राहिलं, गावबांनी ते पुरं केलं. पारायण करणारे तिथे पोथी मिटत नाहीत.

यवतेश्वर, तुमच्या 'राजसंन्यास'च्या उदाहरणाला माझ्याजवळ उत्तर नाही. तिथे मीही पान मिटतो.

सूरदूर (इस्लामपूर)

ब्रुकनर या संगीतकाराच्या नवव्या सिंफनीलाही हेच लागू होईल का? तिचेही तीनच भाग वाजवतात असं ऐकलंय.

कृष्णाकाठ (सांगली)

@सूरदूर, तिथे गोष्ट वेगळी. ब्रुकनर १८९६मध्ये गेला तेव्हा चौथ्या भागाचा बराच मजकूर लिहून झाला होता. पण कागद नीट राखले गेले नाहीत, लोकांनी आठवण म्हणून पानं नेली. त्यामुळे मधली पानंच गायब आहेत, आणि शेवट कसा होता ते कळत नाही. माहलरमध्ये धागा सलग आहे, ब्रुकनरमध्ये तुटलेला. तिथे पुरं करणाऱ्याला कल्पनेनं पूल बांधावा लागतो. सायमन रॅटलनं बर्लिनमध्ये २०१२ला चार भागांची वाजवली, ती चार अभ्यासकांनी मिळून सिद्ध केलेली. मला ती पटली नाही, शेवट फार घाईचा वाटला.

पण हार्नोनकोर्ट या संचालकानं जे केलं ते मला फार आवडलं. त्यानं चौथ्या भागाचे उरलेले तुकडे तेवढे वाजवले. जिथे पान हरवलंय तिथे वाद्यवृंद थांबवायचा, श्रोत्यांना सांगायचं की इथे पान नाही, आणि पुढच्या तुकड्यापासून सुरू करायचं. ते ध्वनिमुद्रण मिळतं. यवतेश्वर सर, तुम्ही म्हणालात ना, ऐकणाऱ्याला पानाचा तळ ऐकू येत नाही. तिथे तो ऐकू येतो.

यवतेश्वर (सातारा)

हे मला पटलं.

कृष्णाकाठ, तुमच्याकडे पुढच्या वेळी ही सिंफनी पुन्हा लावणार असाल तर मी साताऱ्याहून येतो. अट एकच. अडाजिओनंतर थांबा. लगेच पुढे जाऊ नका. तो संपतो तेव्हा माणसाला थोडा वेळ हवा असतो. त्यानंतर कोण बसतं कोण उठतं हे ज्याचं त्याला ठरवू द्या. मी कदाचित उठेन. त्याचा राग मानू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, नक्की या. काकांनाही काल हा सगळा धागा वाचून दाखवला. तंबोऱ्याचा प्रतिसाद त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. ते येणार आहेत.

असं ठरलंय. अडाजिओनंतर दिवे लावू, पंधरा मिनिटं थांबू, चहा या वेळी मध्येच. तुमची आणि काकांची खुर्ची दाराशी ठेवतो, म्हणजे उठायचं झालं तर कुणाच्या पायावरून जावं लागणार नाही. ध्वनिमुद्रक दादा आपले स्पीकर आणणार आहेत, ढोलासाठी. लीड्सहून तीन पानांचे फोटो आलेत, ते मोठे छापून भिंतीवर लावतो. ज्या जागी खाली एकच ओळ आहे तेच पान मुद्दाम मागवलं.

टिपणाचा मजकूर असा केलाय, सुधारणा सुचवा:

'गुस्ताव माहलर (१८६०–१९११). दहाव्या सिंफनीचा आराखडा, १९१०. वाजवण्याजोगी प्रत डेरिक कुक. पहिला भाग बहुतांशी माहलरच्याच वाद्यमेळात. पुढच्या चार भागांत स्वरओळ माहलरची, वाद्यांची भर पुष्कळशी कुकची.'

तंबोरेवाली (मिरज)

मजकूर चांगला झालाय. दोन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरात छापा.

हे आणि मी येऊ का? ह्यांना तो ढोल ऐकायचाय. कार्यक्रम किती वाजता सुटेल? परतीची बस मिळायला पाहिजे.

कृष्णाकाठ (सांगली)

या ना ताई, दोघंही या. मधला चहा धरून साडेआठपर्यंत आटपेल. बसची काळजी नको, मिरजेला मी सोडतो.